टपालपेटी : बेळगावातल्या वडगावच्या घराच्या प्रकल्प नोंदी

१५ जून २०२५, रविवार

सोप्यात, म्हणजे दाराच्या आतल्या ओसरीत, आठवडाभर कुबट वास येत होता म्हणून आज चपलांचं स्टँड हलवलं. मागे भिंतीला चिकटून एक पोस्टकार्ड निघालं. भिजून वाळलेलं, पुन्हा भिजलेलं, कडा फुगलेल्या. शाई निळी होती एवढं कळतं, बाकी मजकूर कार्डभर पसरलाय. तारखेतला ‘मे’ आणि अगदी शेवटचं ‘तू ये’ तेवढं वाचता येतं. अक्षर आत्याबाईंचं.

आत्याबाई म्हणजे मामंजींची थोरली बहीण. खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पुढे आत एका खेड्यात एकट्याच राहतात. मुलगा गोव्यात कामाला. कानांनी अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. पन्नास पैशांचं कार्ड आणतात आणि लिहितात. २ जूनला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते आम्हाला पाच दिवसांनी त्यांच्या शेजारच्या पोराकडून कळलं होतं. तेव्हा मामंजी चिडले होते, “एक कार्ड टाकायला काय झालं होतं तिला?” कार्ड तिने टाकलं होतं. ते आमच्याच सोप्यात पडून होतं.

मामंजींनी कार्ड दाराच्या उजेडात धरलं, उलटसुलट केलं आणि पंचांगात ठेवून दिलं. जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

पेटी बसवायची. हे ‘बघू कधीतरी’ गेली चार वर्षं चाललंय. आजपासून वहीत तारीख घालून लिहिणार, म्हणजे मागे पडणार नाही.

१६ जून, सोमवार

पोस्टमनमामांना अकराच्या सुमाराला दारात गाठलं. मी विचारण्याआधीच म्हणाले, “अक्का, मी टाकलोय की हो ते कार्ड. ग्रिलमधनं आत टाकतोय रोज. हाक मारलो तर शेजारच्या मागांच्या आवाजात कुणाला ऐकू येतंय?”

खरं आहे. दोन्ही बाजूंना यंत्रमाग, खटखट दिवसभर. आमचं दार पश्चिमेला, पावसाळ्यात वारा सरळ आत घुसतो. ग्रिलमधून पडलेला कागद तो नेईल तिकडे जातो. त्यांच्याकडे बोट दाखवण्यात काही अर्थ नाही. पत्र उंबऱ्यापर्यंत येत होतं. उंबऱ्याच्या आत ते नीट घेण्याची सोय आम्हीच केली नव्हती.

त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. बेल नाही. माडीवर कोण राहतं ते कुठे लिहिलेलं नाही. आणि पेटी लावणार असाल तर “तोंड मोठं ठेवा. लोक नक्षीची पेटी आणत्यात, तोंडात दोन बोटं जात न्हाईत. मग पाकीट दुमडावं लागतंय. आत फोटो हाय का चेक हाय, मला काय ठाऊक?”

माडीवरच्या भाडेकरूचं प्रकरणही त्यांना आठवत होतं. ती नर्स आहे, रात्रपाळी करून सकाळी झोपते. मार्चमध्ये तिच्या बँकेचं कार्ड स्पीड पोस्टाने आलं, खालून हाका मारल्या, उत्तर नाही, ‘दार बंद’ असा शेरा पडला. दुसऱ्या दिवशीही तेच. कार्ड परत गेलं. नवं यायला महिना लागला, आणि तेवढ्या वेळात गावाकडे आईला पैसे पाठवायला तिला रोज कुणाची तरी मदत मागावी लागली.

२२ जून, रविवार

ट्रंकेतली दोन वर्षांची पाकिटं चटईवर मांडली. ४३ निघाली. फक्त पत्ते वाचायचे, असं ठरवून बसले.

एकाच घराचे सात पत्ते! शहराचं नाव बेळगाव, बेलगाम, बेळगावी असं तिन्ही प्रकारे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, पण जुन्या विमा पॉलिसीच्या नोंदीत ते बदललेलं नाही. घर नंबर कुठे जुना, कुठे नवा, कुठे नुसता सिटी सर्व्हेचा. गल्लीचं नाव एका ठिकाणी गाळलेलंच. मुंबईहून आलेल्या दोन पाकिटांवर तर राज्याच्या जागी ‘महाराष्ट्र’. पाठवणाऱ्याने मराठी आडनाव बघून लिहिलं असणार.

तरी ती दोन्ही आली, कारण पिन बरोबर होता. पहिला आकडा पाच म्हणजे दक्षिणेचा हा पट्टा, ५९ ने सुरू होणारे पिन कर्नाटकातलेच, तिसऱ्या आकड्याने वर्गवारीचा (टपाल छाटण्याचा) जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या कचेरीचे. राज्याचं नाव चुकलं तरी ५९० लिहिलेला गठ्ठा बेळगावच्याच वाटेला लागतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती बसवली टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते संस्कृतात कविता करत. देशात एकाच नावाची गावं ढिगाने, लिप्या वेगवेगळ्या, अक्षरं वाचता न येणारी. त्यावर सगळ्यांना वाचता येतील असे सहा आकडे. आमच्यासारख्या तीन लिप्यांच्या गावात राहिलं की त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

उलट पिन चुकला की बाकी सगळं बरोबर असूनही पत्र भटकतं. वडगावचा पिन ५९०००५, शहापूरचा ५९०००३. हाताने घाईत काढलेला पाच तीनासारखा दिसतो. अशी चार पाकिटं सापडली, चारींवर दोन-दोन शिक्के.

आणखी एक अडचण कळली. मामंजी आणि हे, दोघांच्या नावाचं आद्याक्षर एकच. नुसतं आद्याक्षर आणि आडनाव असलं की कुणाचं पाकीट, ते घरात उघडल्यावरच कळतं.

ठरलं ते असं: पूर्ण नाव, नवा घर नंबर, तळमजला किंवा माडी, गल्ली, वडगाव, बेळगावी, पिन. यापुढे हाच पत्ता, सगळीकडे, याच क्रमाने. जिथे बदलायचा त्या अकरा ठिकाणांची यादी केली. दोन ऑनलाइन झाली, बाकीच्यांना अर्ज.

ह्यांनी फोनवर घराचा डिजिपिनही काढला. टपाल खात्याने तो २७ मेला सुरू केलाय. चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांचं चिन्ह. आमच्या ग्रिलचं चिन्ह वेगळं आणि परसातल्या विहिरीचं वेगळं. पाकिटावर लिहिण्यासाठी पिनच, पण अँब्युलन्स बोलवायची वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून फोनशेजारी चिकटवून ठेवला.

२९ जून, रविवार

आकार. बाजारात टांगलेल्या पेट्या बघितल्या, एकही पसंत नाही. व्हिडिओंतल्या बहुतेक अमेरिकेच्या. तिथे पेटी रस्त्याच्या कडेला खांबावर, रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच उंच, कारण पोस्टमन गाडीतून न उतरता टाकतो. बाजूचा लाल झेंडा वर केला की ‘जाणारं पत्र आत आहे’, आणि तो ते घेऊनही जातो. चांगली सोय आहे, पण आमचा पोस्टमन सायकलवरून येतो, एका हातात गठ्ठा असतो, आणि जाणारं पत्र आपणच लाल डब्यात टाकायचं. तिकडची पेटी इथे आणून उपयोग नाही.

घरात येणारं सगळ्यात मोठं पाकीट म्हणजे ए-फोर कागद न दुमडता घालायचं, २२९ बाय ३२४ मिमी. ते अरुंद बाजूने जायला हवं, म्हणजे फट किमान २५० मिमी रुंद. उंची ३५ मिमी, दिवाळी अंक जाईल आणि हात जाणार नाही एवढी. पोटात ४०० मिमी उंची, १६० खोली. असे दोन कप्पे शेजारीशेजारी, एक खालच्यांचा, एक माडीचा. दोन दारं, दोन कुलपं. भाडेकरूची पत्रं आमच्या हातून जाऊ नयेत. तिने मागितलं नव्हतं, पण मला ते आवश्यक वाटतं.

टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून नमुना केला. वर उचलायचं झाकण, खाली फट.

३० जून, सोमवार

पुठ्ठ्याचा नमुना पोस्टमनमामांसमोर धरला. त्यांनी गठ्ठा काखेत धरला, पाकीट हातात घेतलं, आणि थांबले. “झाकण कशानं उचलू?”

एक हात सायकलला, दुसऱ्यात पत्र. झाकण रद्द. त्याऐवजी वरून पक्कं उतरतं छप्पर, पुढे ६० मिमी बाहेर आलेलं, आणि त्याच्या आडोशाला तिरक्या पत्र्यावर उघडी फट. पत्र नुसतं सरकवायचं. पुठ्ठा पुन्हा कापला, त्यांना पुन्हा दाखवला. मान हलवली.

५ जुलै, शनिवार

भावोजी उद्यमबागेत फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये काम करतात. पाळी सुटल्यावर मालकांनी मशीन वापरायला दिलं. उरलेला २० गेजचा जीआय (जस्ताचा मुलामा असलेला) पत्रा, साधारण एक मिलिमीटर जाडीचा. मला वाटलं होतं वेल्डिंग करतील. भावोजी म्हणाले, “वहिनी, जीआयला वेल्डिंग मारलो तर तिथलं जस्त जळतंय. पयला गंज तिथंच.” म्हणून सगळं वाकवून आणि रिव्हेट मारून. जिथे हात लागेल त्या प्रत्येक कडेला पत्रा आत दुमडला, पोस्टमनचं बोट कापायला नको. फटीच्या आतल्या बाजूला एक उतरती पट्टी, वरून कुणी बोटं किंवा तार घालून पत्र ओढू नये म्हणून. तळाला पाच मिमीची चार भोकं, आणि तळापासून बोटभर वर जाळीचा पाट. पाणी आलंच तर खाली जाईल, पत्र वर राहील.

दारांना लांबलचक पियानो बिजागरी. रात्री नऊला घरी आलो, हात काळे. उद्या आषाढी, भावोजींनी जाताना साबुदाणा आमच्याच दुकानातून नेला.

१२ जुलै, शनिवार

पेटीला पावडर कोटिंग (भुकटीचा रंग भट्टीत भाजून) करून मिळालं. नुसता ऑइलपेंट जीआयवर धरत नाही, पहिल्या उन्हाळ्यात पापुद्रे सुटतात. रंग लाल घ्यायचा मोह झाला, पण लाल डबा बघून लोक जाणारी पत्रं आत टाकतील. राखाडी घेतला.

मग नावं. पेंटरकाकांना तिन्ही लिप्यांत लिहायला सांगितलं: मराठी, कन्नड, इंग्रजी. यावर घरात थोडी चर्चा झाली. मामंजींचं म्हणणं, मराठी पुरे. मी म्हटलं, आपले नेहमीचे पोस्टमन मराठी वाचतात, पण ते रजेवर गेले की बदलीवर येणारा मुलगा गदगचा असेल, विजयपुराचा असेल. त्याने आपलं नाव एका नजरेत वाचावं, एवढाच प्रश्न आहे. मामंजींनी विचार केला आणि म्हणाले, “मराठी वर.” मराठी वर आहे.

वरच्या ओळीत ‘टपाल’, कन्नडमध्ये ‘अंचे’. म्हैसूरच्या राजांनी १६७२ मध्ये सुरू केलेल्या डाकेलाही अंचेच म्हणत. बेळगाव तेव्हा त्या राज्यात नव्हतं, पुढे मुंबई इलाख्यात होतं, म्हणून इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी, कानडी असो की मराठी, टपालच.

२० जुलै, रविवार

बसवली. सकाळ फुकट गेली, कारण भिंत जुनी, मातीच्या भेंड्यांची, म्हणजे कच्च्या विटांची. ड्रिल लावलं की भुसा गळतो, प्लग फिरतच राहतो. शेवटी ग्रिलच्या चौकटीलाच चार क्लॅम्पने धरली.

उंची आतल्या फरशीवरून मोजली होती. ती चूक. रस्ता दोन पायऱ्या खाली आहे, म्हणजे पोस्टमनच्या दृष्टीने पेटी ३५ सेंमी जास्त उंच झाली असती. पुन्हा रस्त्यावरून मोजून फट १२० सेंमीवर आणली. तोंड उत्तरेला फिरवलं. पश्चिमेची झड चुकते आणि पोस्टमनमामा येतातही त्याच बाजूने.

शेजारी दोन बेलची बटणं: ‘खाली’ आणि ‘माडी’. माडीच्या बेलचा आवाज नर्सने स्वतः निवडला, झोपेतून उठवेल असा.

२४ जुलै, गुरुवार

चार दिवस सलग पाऊस. संध्याकाळी जाळीच्या पाटावर हात फिरवला, ओला. छपराच्या कडेवरून थेंब आतल्या बाजूने सरकत फटीपर्यंत येत होता. बॅटरी लावून अर्धा तास बघत बसले: थेंब कडेला लोंबतो, वारा आला की मागे सरकतो, मग तिरक्या पत्र्यावरून सरळ आत. नंतरची भर: भावोजींनी शनिवारी कडेला खाली दुमडलेली पट्टी मारून दिली, कौलाच्या पागोळीसारखी. आता थेंब तिथेच तुटतो.

५ ऑगस्ट, मंगळवार

विमा कंपनीच्या पाकिटाचा कोपरा खाल्लेला. आधी झुरळ वाटलं. बॅटरीने बघितलं तर पेटीच्या मागे नखाएवढी गोगलगाय, आणि पाकिटावर वाळलेली चकचकीत रेघ. पावसाळ्यात गोगलगाई कागद खातात हे माहीत नव्हतं. क्लॅम्पखाली मीच शोभेसाठी तेरड्याच्या कुंड्या मांडल्या होत्या. त्या परसात हलवल्या, ग्रिल कोरडं पुसलं. नंतरची भर: आठवडाभर रोज रात्री बघितलं, पुन्हा दिसली नाही. तळाच्या भोकांना आतून बारीक जाळी लावली.

२ सप्टेंबर, मंगळवार

कालपासून रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलं नाही, स्पीड पोस्टातच आलं. मामंजींना वाईट वाटलं. त्यांच्या सगळ्या जमिनीच्या कागदांना ‘रजिस्टर एडी’ची गुलाबी पोचपावती टाचलेली आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसरा झाला. परवापासून स्पीड पोस्टाचे नवे दर लागू, आणि त्यातच नोंदणीची सोय: पाच रुपये आणि त्यावर जीएसटी. फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. साधं स्पीड पोस्ट पत्त्यावरच्या कुणाच्याही सहीने मिळू शकतं. नोंदणीचं फक्त ज्याचं नाव आहे त्याला, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसाला. तेवढ्याच पैशांत ओटीपीवर देण्याचीही सोय आहे.

म्हणजे आमची पेटी कितीही चांगली असली तरी सहीच्या टपालाला तिचा उपयोग नाही. तिथे कामाला येणार बेल, आणि माणूस. मामंजींनी माझ्या नावे अधिकारपत्र लिहून दिलं. नर्सनेही दिलं. पासपोर्टला मात्र हे चालत नाही, तो ज्याचा त्यानेच घ्यायचा. तिला सांगितलं, अर्ज केलास तर त्या आठवड्यात दिवसपाळी मागून घे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. टपालाने दोन दिवाळी अंक आले, एकाही पानाला मोड नाही. सरळ उभे होते पेटीत. पोस्टमनमामांना फराळाचा डबा दिला.

मामंजी मात्र अकरा वाजले की अजून कट्ट्यावर जाऊन बसतात. पूर्वी हाक यायची, तेव्हा दोन शब्द बोलणं व्हायचं. आता पोस्टमन पत्र सरकवून पुढे जातात. मामंजी पेटी उघडून आत बघतात आणि घरात येतात.

९ नोव्हेंबर, रविवार

आत्याबाईंकडे गेलो. डोळा छान झालाय. मामंजींनी पंचांगातलं ते कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून पुसट निळाईत बोट फिरवलं आणि काय लिहिलं होतं ते ओळीने वाचून दाखवलं. शेवटी, ‘कुणी नाही आलं तरी चालेल, पण तू ये.’ आमच्याकडे नुसतं ‘तू ये’ उरलं होतं.

मी टेप नेला होता. त्यांच्यासाठीही एक पेटी करायची, भावोजींकडे पत्रा शिल्लक आहे. दाराची चौकट मोजायला लागले तर त्यांनी माझा हात धरला. त्यांना लिहून विचारलं, का? त्या मोठ्याने म्हणाल्या, “डाकसेवक पोरगं येतंय. कट्ट्यावर बसतंय, पाणी पितंय. पेटी लावलीस तर ते टाकून जाईल की.”

तिथला ग्रामीण डाकसेवक गावातलाच आहे. त्यांची पत्रं तो हातात देतो, पेन्शनचे पैसे मोजून देतो, आणि शुक्रवारी त्यांचं कार्डही घेऊन जातो. टेप पिशवीत ठेवला.

परतताना खानापूरपर्यंत मामंजी खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, “आपल्या पोस्टमनला बेल वाजवायला सांग. साध्या पत्रालापण.”

१० नोव्हेंबर, सोमवार

पोस्टमनमामांना सांगितलं. त्यांनी सायकल स्टँडवर लावली, विचार केला. “सगळ्याला थांबलो तर बीटाची फेरी संपत न्हाई, अक्का. पण त्या म्हातारीचं कार्ड आलं की वाजवतो.”